वाङ्मय, समाजशास्त्र आणि 'गांवगाड्या'ची साक्ष

वाङ्मयावरून समाजाचा इतिहास काढतां येतो काय, आणि येत असल्यास कोणत्या अटीवर, हा प्रश्न आपल्या संशोधकांपुढें वारंवार येतो. परंतु त्याचा सांगोपांग विचार क्वचितच होतो. एखादी बखर, एखादें काव्य किंवा एखादी कादंबरी हातीं आली म्हणजे तींतील वर्णनें जशींच्या तशीं उचलून 'तत्कालीन सामाजिक स्थिति' या मथळ्याखालीं मांडावयाचीं, हा एक प्रघात आहे. उलटपक्षीं, काव्य म्हणजे कल्पना, सबब इतिहासाच्या कामीं तें निरुपयोगी, असें म्हणून पोथी बाजूस सारावयाची व सनदा, महजर, ताळेबंद हेच काय ते खरे कागद मानावयाचे, हा दुसरा. दोन्ही पक्ष एकांगी आहेत असें आमचें मत आहे. तें सिद्ध करण्याकरितां प्रस्तुत लेखांत कै. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथाचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. हा ग्रंथ शास्त्र म्हणावा कीं वाङ्मय म्हणावें, याचा निकाल वाचणारास सहजासहजीं करतां येत नाहीं. म्हणूनच तो या प्रश्नाच्या कसोटीस योग्य. परंतु तत्पूर्वीं पाश्चात्य विचारांत या दोहोंचा संबंध कसकसा होत गेला हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. कारण 'समाजशास्त्र' हें नांव आणि त्याचा वाङ्मयाशीं चाललेला तंटा, हीं दोन्ही आपल्याकडे तिकडूनच आलीं.

पाश्चात्य देशांत हीं दोन्ही आरंभीं एकाच घरांत नांदत होतीं. इटलींतील व्हिको यानें १७२५ सालीं 'नवें शास्त्र' प्रसिद्ध केलें, व त्याच्या पुढील आवृत्त्यांत होमरच्या काव्यांचा विचार करतांना असें प्रतिपादिलें कीं, तीं काव्यें म्हणजे कोणा एका कवीच्या गूढ तत्त्वज्ञानाचा ठेवा नसून ग्रीक लोकांच्या प्राचीन रीतिरिवाजांचा संग्रह होय. १८०० सालीं मादाम द स्ताल या विदुषीनें वाङ्मय व सामाजिक संस्था यांच्या परस्परसंबंधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. धर्म, चालीरीति व कायदे यांचा वाङ्मयावर आणि वाङ्मयाचा त्यांच्यावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. त्याच सुमारास द बोनाल यानें, वाङ्मय हें समाजाचें प्रकटीकरण होय, असा सिद्धान्त मांडला आणि पुढें शंभर वर्षें तो सर्वतोमुखीं झाला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. द बोनाल हा राजसत्तेचा व धर्मपीठाचा कट्टा अभिमानी. मादाम द स्ताल ही स्वातंत्र्याची पक्षपाती, जिला नेपोलियननें पॅरिसबाहेर घालविलें. परस्परविरुद्ध पक्षांच्या दोन लेखकांस एकच सिद्धान्त सोयीचा वाटावा, यावरूनच तो सिद्धान्त किती मोघम होता हें उघड होतें. वाङ्मय समाजाचें प्रकटीकरण करतें खरें. पण कोणत्या समाजाचें, आणि कोणाच्या मुखानें, हें त्यांत सांगितलेलें नाहीं.

ऑगस्ट कोंत यानें १८३९ सालीं आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडांत 'समाजशास्त्र' या अर्थाचा नवा फ्रेंच शब्द रूढ केला. तीनच वर्षांनीं, १८४२ सालीं, बाल्झाकनें आपल्या कादंबरीमालेस जी प्रस्तावना जोडली तींत प्राणिशास्त्रज्ञ जशा प्राण्यांच्या जाति लावतो तशा समाजांतील माणसांच्या जाति लावण्याचा आपला हेतु सांगितला, व स्वतःकडे समाजाच्या चिटणिसाची भूमिका घेतली. म्हणजे शास्त्रकार व कादंबरीकार एकाच वेळीं एकाच जागेवर दावा सांगूं लागले. पुढें १८६३-६४ त तेन यानें इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास लिहून वंश, परिस्थिति व काल या तीन कारणांनीं ग्रंथांची उपपत्ति लाविली, आणि झोलानें १८८० सालीं कादंबरी हा एक प्रयोगच होय अशी भूमिका घेतली. येथवर मनोमीलन होतें. पण दुर्खीमनें १८९५ सालीं समाजशास्त्राच्या पद्धतीचे नियम घालून दिले, सामाजिक घटनांकडे वस्तूंप्रमाणें पाहावें असें बजाविलें, आणि १८९७ सालीं आत्महत्येसारख्या अत्यंत खासगी वाटणाऱ्या गोष्टीचा विचार केवळ आंकडेवारीवरून करून दाखविला. तेव्हांपासून समाजशास्त्रास विद्यापीठांत स्थान मिळूं लागलें आणि वाङ्मयाच्या अभिमान्यांस तें अतिक्रमण वाटूं लागलें. १९११ सालीं 'अगाथाँ' या टोपणनांवाखालीं दोघां तरुण लेखकांनीं पॅरिसच्या विद्यापीठावर जो हल्ला चढविला, त्यांत अभिजात वाङ्मयाची जागा टिपणांच्या चिठ्ठ्यांनीं व समाजशास्त्रानें घेतली हा मुख्य आक्षेप होता. इंग्लंडांत १९०६ सालीं वेल्स या कादंबरीकारानें समाजशास्त्राच्या शास्त्रपणाबद्दलच शंका घेतली. या सबंध कज्जाचा इतिहास वुल्फ लेपेनीस या जर्मन विद्वानानें १९८५ सालीं लिहिला असून, निसर्गविज्ञान व वाङ्मय यांच्यामध्यें उभी राहिलेली ही तिसरी संस्कृति होय, असें त्यानें समाजशास्त्राचें वर्णन केलें आहे.

आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर ही भाऊबंदकी होय. एकाच वतनाच्या दोन तक्षिमा. वडील कोण व धाकटा कोण यावर वाद. असले तंटे ज्यांनीं जुन्या कागदांत वाचले आहेत त्यांना हें ठाऊकच आहे कीं, भांडण जितकें कडाक्याचें तितकें मूळ नातें जवळचें.

हें शास्त्र महाराष्ट्रांत आलें तें मात्र कोंत वा तेन यांच्या ग्रंथांच्या द्वारें प्रथम आलें नाहीं. तें आलें मोजणीच्या सांखळीबरोबर, आणि आलें तें याच पुणें जिल्ह्यांत. डॉ. थॉमस कोट्स यानें लोणी गांवची सविस्तर हकीकत लिहिली ती १८२३ सालीं मुंबईच्या 'लिटररी सोसायटी'च्या निबंधसंग्रहाच्या तिसऱ्या खंडांत छापली गेली. संस्थेचें नांव पाहा. गांवची जमीन, घरें, जाति, बलुतीं, कर्ज, खाणें-पिणें यांचें हें वर्णन वाङ्मयाच्या मंडळीपुढें आलें, आणि त्यांत कोणास विसंगति वाटली नाहीं. समाजशास्त्र हा शब्द जन्मास येण्यास तेव्हां सोळा वर्षें अवकाश होता. याच लोणीकंदची पुन्हा पाहणी करून डॉ. गो. स. घुर्ये यांनीं १९६० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. घुर्ये मूळचे संस्कृतज्ञ; म्हणजे तेथेंही पोथी आणि पाहणी एकाच हातीं होती.

दुसरें उदाहरण इंदापुराचें. प्रिंगल या अधिकाऱ्यानें जमीनधाऱ्याची जी आंखणी केली तिच्या मुळाशीं रिकार्डोची खंडाची उपपत्ति होती, आणि स्वतः प्रिंगल हा हेलीबरीच्या विद्यालयांत माल्थसचा विद्यार्थी. निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ठराविक हिस्सा सरकारनें घ्यावा, हा विचार कागदावर निर्दोष होता. रयतेच्या हातून मात्र तो धारा निभावेना, आणि जमिनी पडीक पडूं लागल्या. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५-३६ त इंदापूर तालुक्यांत नवी पाहणी करून तीस वर्षांचा धारा ठरविला, व तीच पद्धति पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. पाश्चात्य समाजविचाराची पहिली परीक्षा आमच्या शेजारच्या तालुक्यांतील काळ्या जमिनींत झाली, आणि पहिल्या खेपेस ती उपपत्ति नापास झाली. कारण तींत आंकडे होते, पण खेड्याचें बोलणें नव्हतें. 'गांवगाडा' हा ग्रंथ या उणिवेची भरपाई करावयास निघाला, असें म्हटलें तर तें यथार्थ होईल.

ग्रंथाकडे वळण्यापूर्वीं त्याची साक्ष कोणत्या नियमानें तपासावयाची तें ठरविलें पाहिजे. यासाठीं परदेशांत जाण्याचें कारण नाहीं. वाक्याचा अर्थ कसा घ्यावा याचें शास्त्र आपल्याकडे मीमांसकांनीं रचिलें आहे. जें अन्य प्रमाणानें कळलेलें नाहीं तें करावयास सांगणारें वाक्य म्हणजे विधि. त्याची स्तुति किंवा निषिद्धाची निंदा करणारें वाक्य म्हणजे अर्थवाद. लौगाक्षिभास्कराच्या 'अर्थसंग्रहा'सारख्या बालबोध ग्रंथांतही अर्थवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. अन्य प्रमाणाशीं विरोध येत असेल तर तो गुणवाद; यज्ञांतील खांबास सूर्य म्हणणें हें त्याचें उदाहरण. अन्य प्रमाणानें आधींच ठाऊक असलेली गोष्ट सांगितली असेल तर तो अनुवाद. अग्नि हा थंडीवरील उपाय आहे, असें म्हणणें या प्रकारचें. विरोधही नाहीं आणि दुजोराही नाहीं अशी वार्ता सांगितली असेल तर तो भूतार्थवाद. इंद्रानें वृत्रावर वज्र उगारिलें, ही कथा तशी.

हा विभाग जुन्या वाङ्मयास लावून पाहावा. बखरकार लक्षावधि फौजेचे आंकडे देतो तो गुणवाद. त्यावर हिशेब बसवूं नये. कवि ज्या गोष्टीकडे श्रोत्यांचें लक्ष वेधूं इच्छित नाहीं, जी त्यांना ठाऊकच आहे असें गृहीत धरून तो पुढें जातो, तो अनुवाद. आणि मीमांसकांस जो सर्वांत कमी महत्त्वाचा, तोच समाजाच्या इतिहासास सर्वांत मोलाचा. म्हाइंभटानें 'लीळाचरित्र' रचिलें तें श्रीचक्रधरांच्या लीळा जतन करण्याकरितां. परंतु त्या सांगतांना वाटा, देवळें, बाजार, अन्न, वस्त्रें यांचे जे उल्लेख ओघानें येतात त्यांत लेखकाचा कोणताही हेतु गुंतलेला नाहीं, आणि म्हणूनच ते विश्वसनीय. ज्ञानेश्वरींतील दृष्टान्तांचें असेंच आहे. उपमान हें श्रोत्यांस परिचित असलेंच पाहिजे, नाहीं तर उपमेयाचा बोध होणार नाहीं. यास्तव उपमेय अलौकिक असलें तरी उपमान हें शके १२१२ च्या लोकव्यवहारांतलें आहे, असें धरावयास हरकत नाहीं.

जेथें मजकुरांत कांहींच मिळत नाहीं तेथेंही वाङ्मय मुकें नसतें. मोरोपंतांचा (१७२९–१७९४) पुष्कळसा काल बारामतीस गेला. पण त्यांच्या आर्यांतून बारामतीच्या पेठेचे भाव काढूं जाणारा रिक्तहस्तें परत येईल. मात्र त्यांस आश्रय कोणाचा होता हें पाहिलें कीं चित्र बदलतें. बाबूजी नाईक हें सावकारी घराणें. पेशव्यांशीं त्यांचा शरीरसंबंध. सावकारी पैसा, त्यावर चालणारें पुराण, पुराणास बसणारा श्रोतृवर्ग आणि त्यासाठीं रचिलेलें भारत, अशी ही सांखळी आहे. मादाम द स्तालनें ज्यास संस्थांचा वाङ्मयावरील परिणाम म्हटलें तो येथें आर्यांच्या अर्थांत दिसत नाहीं. आर्या लिहिण्यास सवड कोणी दिली यांत दिसतो.

या कसोटीचा भंग थोरांकडूनही झाला आहे. कै. वि. का. राजवाडे यांनीं १९२४ सालीं 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत त्यांनीं उत्तर कोंकणच्या एका वंशावळवजा ग्रंथांतून वसाहती, जाति, कुलें व राज्यक्रांत्या यांचा जो पट उलगडला, तसा मराठींत त्यापूर्वीं कोणी उलगडला नव्हता. राजवाड्यांच्या विचारावर कोंतची छाया होती हें सर्वश्रुत आहे. त्या छायेचा गुण असा कीं, राजांच्या लढायांवरून त्यांची नजर समाजाच्या घडणीकडे वळली. दोष असा कीं, एका प्रांताच्या बखरींतील भूतार्थवादावर त्यांनीं साऱ्या हिंदुस्थानच्या राजकीय स्वभावाविषयींचे सिद्धान्त उभारिले. अन्न मुबलक म्हणून लोक राज्यसंस्थेविषयीं उदासीन, हा विचार चमकदार आहे. पण त्यास लागणारा दुजोरा त्या बखरींत नाहीं.

आतां 'गांवगाडा'. आत्रे हे महसूल खात्यांतील नोकरीनिमित्त खेडीं पाहिलेले, कायद्याचें शिक्षण झालेले गृहस्थ. कुणब्याच्या कष्टांतून पिकलेलें धान्य खळ्यावरून घरीं जाईपर्यंत त्यावर किती हात पडतात, हा त्यांच्या ग्रंथाचा कणा. पाटील-कुळकर्णी हे वतनदार, बलुते घेणारे कारू, आलुते घेणारे नारू, फिरस्ते, भिक्षेकरी, सावकार, दुकानदार, सणवार, पाहुणेरावळे, जत्रा, हे सर्व एकामागून एक वाचकापुढें येतात. गाडा हें रूपकच ग्रंथाची रचना ठरवितें. चाक कोणतें, वंगण कोणतें, आणि गाड्यावर फुकट बसलेला कोण, हा प्रश्न प्रत्येक प्रकरणांत विचारिला आहे.

या ग्रंथाचा पहिला गुण त्याची भाषा होय. हेंच विवेचन आंकड्यांच्या कोष्टकांत मांडिलें असतें तर तें आज दप्तरखान्याबाहेर कोणी वाचलें नसतें. आत्र्यांनीं खेड्यांतील माणूस ज्या शब्दानें वस्तु ओळखतो तोच शब्द वापरिला. म्हणी आल्या त्या शोभेसाठीं नव्हेत, तर व्यवहारांतील नियम म्हणून. इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत बलुतें म्हणजे धान्यरूप मोबदला, एवढेंच कळतें. तें मागावयाची वेळ, त्यांतील घासाघीस, काम न करितां हक्क सांगण्याची युक्ति, आणि नाहीं म्हणतांना कुणब्यास वाटणारा संकोच, हें आत्र्यांच्या पानांतच कळतें. म्हणून त्या ग्रंथास समाजशास्त्र म्हणावयाचें तर तें त्याच्या वाङ्मयगुणामुळेंच शास्त्र झालें आहे, असें म्हणावें लागतें. फ्रान्सांतील तंट्यांत हें उत्तर कोणाच्या पदरीं पडलें नव्हतें.

दुसरा गुण म्हणजे रूढ भ्रमाचा निरास. स्वयंपूर्ण व सुखी ग्रामसंस्थेचें जें गोडवें इंग्रजी ग्रंथांतून आमच्या व्याख्यानांत उतरलें होतें, त्यास आत्र्यांनीं प्रत्यक्ष हिशेबानें छेद दिला. पूर्वीं ज्या कामाबद्दल धान्य द्यावयाचें तें काम उरलें नाहीं, पैशाचा व्यवहार आला, तरी हक्क मात्र वंशपरंपरेनें वाढत राहिले, हें त्यांचें निरीक्षण खरें आहे.

परंतु आपल्या कसोटीनें पाहतां ग्रंथाचे दोन भाग पडतात. हत्यारें, हक्कांचीं नांवें, कामाची वांटणी, सणांचा क्रम, बाजाराच्या रीति, यांचे उल्लेख हा अनुवाद; तो निःशंक घ्यावा. उलट, अमुक जात आळशी, अमुक लबाड, अमुक जन्मतः चोर, अशा अर्थाचीं जीं विधानें आहेत तीं निंदार्थवाद होत. त्यांचें तात्पर्य त्या जातीचें वर्णन करण्यांत नसून कुणब्यास भारमुक्त करावें या विधींत आहे. विधीचें प्रयोजन ओळखल्यावर अर्थवाद शब्दशः घेऊं नये, हा मीमांसेचा पहिला धडा. आणि येथें आणखी एक उपाधि लागलेली आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालीं झाला व १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति वाढली. आत्र्यांनीं गुन्हेगार जातींविषयीं स्वतंत्र पुस्तकही लिहिलें होतें. फिरस्त्याकडे पाहणारी त्यांची नजर चावडीवरची आहे. त्यास गाडा कसा दिसत असेल, हा प्रश्न ग्रंथांत विचारलेला नाहीं. सदर कायदा १९५२ सालीं रद्द झाला. परंतु त्या कायद्याच्या छायेंत लिहिलेलीं वाक्यें अद्याप 'जातिस्वभावाचा पुरावा' म्हणून उद्धृत होतात. हें थांबलें पाहिजे. ज्यांच्याविषयीं तीं लिहिलीं गेलीं त्यांचे वंशज आज तीं वाचतात, आणि चुकीच्या पुराव्याचा भुर्दंड त्यांनाच भरावा लागतो.

महारकीच्या बाबतींतही असेंच. आत्र्यांच्या हिशेबांत महार हा गांवाच्या खर्चाची बाब आहे. तेरा वर्षांनीं, १९२८ सालीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबई कायदेमंडळांत १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडिलें. त्यांत हीच बाब जमेच्या बाजूनें तपासली गेली, आणि मोबदला तुटपुंजा, कामास वेळेची मर्यादा नाहीं व सारें कुटुंब बांधलेलें, असें आढळलें. वस्तु एकच, वही कोणाची, एवढाच भेद.

येथें डॉ. श्री. व्यं. केतकर (१८८४–१९३७) यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. कारण त्यांनीं नेमका उलटा मार्ग घेतला. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत समाजविषयक शास्त्रांचें अध्ययन करून जातिसंस्थेचा इतिहास लिहिणारा, व पुढें महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेणारा हा विद्वान 'ब्राह्मणकन्या', 'परागंदा', 'गोंडवनांतील प्रियंवदा' यांसारख्या कादंबऱ्या लिहावयास बसला तो कलेसाठीं नव्हे. मिश्रविवाहाची संतति, परदेशीं गेलेलीं कुटुंबें, जातिबाह्य स्त्री, हे प्रश्न ज्ञानकोशाच्या लेखांत मांडून संपत नाहींत, हें त्यांस जाणवलें. नव्या काळास नवी स्मृति हवी, हा 'ब्राह्मणकन्ये'ंतील विचार धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनीं मुद्दाम वाचावा असा आहे. पण केतकरांचीं पात्रें बोलूं लागलीं कीं पुष्कळदां डॉक्टर केतकरच बोलूं लागतात, व कथानक चर्चेस जागा करून देण्याकरितां थांबतें. आत्र्यांना शास्त्र लिहितां लिहितां वाङ्मय साधलें. केतकरांना वाङ्मय लिहितां लिहितां शास्त्र आंवरलें नाहीं. तरीही केतकरांच्या बाजूनें एक गोष्ट आहे, आणि ती मोठी आहे. समाजाबाहेर टाकलेल्या व्यक्तीस त्यांनीं बोलावयास लाविलें. तिचें बोलणें कृत्रिम असेल, परंतु तिला बोलण्याचा हक्क आहे हें त्यांनीं मान्य केलें. पुढें १९६७ सालीं डॉ. इरावती कर्वे यांनीं 'युगान्त' लिहून दाखविलें कीं, समाजशास्त्रज्ञाची दृष्टि कायम ठेवूनही महाभारतांतील माणसें जिवंत ठेवतां येतात.

'गांवगाड्या'स खरें उत्तर मात्र कादंबरीनें दिलें नाहीं व शास्त्रीय प्रबंधानेंही दिलें नाहीं. वडगांव निंबाळकर हें नीरेच्या उत्तरेस बारामती तालुक्यांत; नदीपलीकडे फलटण, जें १९४८ पर्यंत निंबाळकरांचें संस्थान होतें. त्या फलटण तालुक्यांतील कैकाडी कुटुंबांत जन्मलेले लक्ष्मण माने यांचें 'उपरा' १९८० सालीं प्रसिद्ध झालें. गाढवावर बिऱ्हाड घालून, टोपल्या विणीत गांवोगांव हिंडणाऱ्या कुटुंबाची ही कथा. आणि ती वाचतांना ध्यानीं येतें कीं, आत्र्यांनीं चावडींत बसून ज्यांस येतांना पाहिलें तेच येथें गांवाकडे पाहात आहेत. त्याआधीं दोन वर्षें दया पवार यांचें 'बलुतं' निघालें. शब्द तोच. अभिधेनें अर्थ तोच. आत्र्यांच्या पानांत तो शब्द कुणब्याच्या डोईवरचा खर्च सुचवितो. पवारांच्या ग्रंथाच्या नांवांत तो जन्मानें पदरीं आलेला वांटा सुचवितो. एका शब्दाचे हे दोन ध्वनि एकत्र ऐकल्याखेरीज बलुतेपद्धति कळली, असें म्हणतां येणार नाहीं.

जुन्या महजरांत अग्रवादी व पश्चिमवादी या दोघांच्याही तकरिरी लिहून घेत. मग साक्षी, मग गोताचा निवाडा. एकाच पक्षाची तकरीर वाचून निवाडा देणारी गोतसभा कोणी प्रमाण मानली नसती. 'गांवगाडा' ही अग्रवाद्याची तकरीर होय: समर्थ, तपशीलवार, भाषेनें उत्कृष्ट. 'बलुतं' व 'उपरा' या पश्चिमवाद्यांच्या तकरिरी होत, आणि त्यांवरही तीच कसोटी चालविली पाहिजे. आत्मचरित्रांतही गुणवाद असतो व स्मृतीसही स्वतःचा पक्ष असतो. पण त्या दाखल झाल्याखेरीज दावा पुढें चालूं शकत नव्हता. कोंत, तेन व दुर्खीम यांच्या वादांत वाङ्मय मोठें कीं शास्त्र मोठें हा प्रश्न होता. आपल्या खेड्यांच्या बाबतींत त्याहून आधींचा प्रश्न असा कीं, तकरीर कोणाकोणाची घेतली.

यावरून पोथ्या व कागद जमविणाऱ्या आपल्या मंडळींकरितां कांहीं व्यावहारिक गोष्टी निघतात. वतनें कायद्यानें गेलीं; कुळकर्णी वतन १९५० च्या कायद्यानें, महारकी व इतर कनिष्ठ वतनें १९५८ च्या, आणि पाटिलकी १९६२ च्या. त्याबरोबर त्या कागदांचा कोर्टकचेरींतील उपयोग बहुतेक संपला, आणि ज्या कागदाचा उपयोग संपला तो घरांत फार दिवस टिकत नाहीं. तेव्हां दप्तर हातीं आल्यास केवळ मोठ्या मोर्तबाची सनद निवडून बाकीचे रुमाल टाकूं नयेत. कै. ना. गो. चापेकर यांनीं 'पेशवाईच्या सावलींत' (१९३७) या ग्रंथांत जमाखर्चाच्या क्षुल्लक दिसणाऱ्या नोंदींवरून केवढें समाजचित्र उभें केलें, तें सर्वांपुढें आहे. खर्चाची नोंद हा शुद्ध अनुवाद. लिहिणाऱ्यास ती कोणास पटवावयाची नसते.

पोथीची नोंद करतांना कवि, शक व लेखनस्थळ एवढ्यावर थांबूं नये. नक्कल कोणी केली, कोणाकरितां केली, पोथी गहाण पडली होती काय, कोऱ्या पानावर कोणी उसनवारी मांडली आहे काय, हेंही उतरून घ्यावें. पुष्कळ वेळां समाजाचा इतिहास ग्रंथाच्या समाप्तीनंतरच्या पानावर सुरू होतो.

शेवटची गोष्ट दप्तराबाहेरची आहे. ज्यांच्या घरीं रुमाल नाहीं, ज्यांचें नांव आपल्या कागदांत आलें तर केवळ आरोपी किंवा हक्कदार म्हणून आलें, त्यांच्याकडील ओव्या, वंशावळी, मुक्कामांचीं नांवें व व्यवसायाचे शब्द अजून वृद्धांच्या तोंडीं आहेत. बारामती, इंदापूर व फलटण या तीन तालुक्यांपुरतें जरी हें काम कोणी हातीं घेतलें, सांगणाराचें गांव व सांगितल्याची तिथि लिहून ठेवून, तरी पश्चिमवाद्याची राहिलेली तकरीर पुरी होण्यास मदत होईल. हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं. कागद वाळवीपासून राखतां येतो, माणसाची आठवण तशी राखतां येत नाहीं.